संगणक, भावपूर्ण वादन आणि आजूबाजूची माणसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसाचे भावपूर्ण वादन संगणकाने मोजण्याच्या आणि घडवण्याच्या अभ्यासाविषयी संगीत शिकणारे विद्यार्थी आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी या दोघांकडूनही पुढील प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. पहिल्यांना वाटते की संगणक त्यांच्या कलेचा हिशेब मांडायला निघाला आहे. दुसऱ्यांना वाटते की पुरेशी माहिती भरली की काम झाले. दोन्ही समजुतींना उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

या अभ्यासात संगणकाकडून नेमके काय करून घेतले जाते?

पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेली एखादी पियानोची रचना सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि वाजवण्याची कळ दाबली, तर प्रत्येक स्वर लिहिलेल्या मापाचा, एकाच जोराचा आणि घड्याळाच्या ठोक्यावर येतो. चूक एकही नसते, आणि तरी दोन मिनिटांत ऐकणारा कंटाळतो. तीच रचना माणूस वाजवतो तेव्हा स्वरवाक्याच्या, म्हणजे सुरांच्या एका सलग तुकड्याच्या, शेवटी तो किंचित रेंगाळतो, वर चढणाऱ्या सुरांना जोर देतो, एखादा स्वर पुढच्याला जोडतो आणि एखादा तोडतो. हे फरक बहुधा सेकंदाच्या काही शतांशांचे असतात. ते कुठे, किती आणि कशामुळे होतात याचे गणिती वर्णन करणे आणि त्या वर्णनाच्या आधारे पूर्वी न पाहिलेली रचना संगणकाकडून वाजवून घेणे, हा या अभ्यासाचा गाभा आहे. अशा वर्णनाला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमन यांची १८३८ सालची 'ट्रॉयमराय' ही छोटी रचना या क्षेत्रात फार वापरली गेली आहे. तिच्या पहिल्या वाक्यात सूर मूळ स्वरावर येऊन थांबतो, मग काही छोट्या स्वरांच्या पायऱ्या चढून त्याच्याच वरच्या सप्तकातल्या जोडीदारापर्यंत पोहोचतो. कागदावर त्या पायऱ्या सारख्याच काळाच्या आहेत. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ कोणताही वादक त्या सारख्या वाजवत नाही; माथा जवळ येऊ लागतो तसा तो थोडा थोडा वेळ काढतो, डोंगराच्या शेवटच्या टप्प्यावर पावले जड व्हावीत तसा. ती चढण किती काळ घेते, एवढ्या एका गोष्टीवर आजवर कितीतरी तास खर्च झाले आहेत.

हे मोजण्याची सुरुवात संगणकाने केली का?

नाही. आल्फ्रेड बिने आणि जूल कूर्तिए यांनी १८९५ मध्येच पॅरिसमध्ये पियानोच्या पट्ट्यांखाली यंत्रणा बसवून वादकाच्या बोटांचा दाब कागदावर उमटवला होता. पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी १९३० च्या दशकात पियानोच्या हातोड्यांची हालचाल फिल्मवर टिपली आणि नियमित मापापासून होणारे 'विचलन' हाच कलात्मक अभिव्यक्तीचा पाया आहे, अशी मांडणी केली.

'विचलन' हा शब्द तेव्हापासून या क्षेत्राला चिकटला आहे आणि मला तो आजही खटकतो. त्यात स्वरलिपी ही मूळ आणि माणूस तिच्यावरून घसरलेला, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात वाजवणे आणि गाणे आधी आले, लिहिणे मागाहून. तरीही मोजायला काहीतरी आधाररेषा लागते, म्हणून तो शब्द खाली अधूनमधून येईल.

संगणकाला दिलेले नियम आले कुठून?

सर्वांत प्रसिद्ध नियमसंच स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात तयार झाला. योहान सुंडबर्ग हे ध्वनिशास्त्रज्ञ आणि लार्स फ्रीडेन हे व्हायोलिनवादक व शिक्षक यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. पुढे अँडर्स फ्रीबर्ग आणि रोबेर्तो ब्रेसिन यांनी ते वाढवले. पद्धत अशी होती: फ्रीडेन एरवी विद्यार्थ्याला जे सांगत, ते नियमाच्या रूपात संगणकाला सांगायचे, संगणकाने वाजवलेले ऐकायचे, 'इथे जास्त झाले', 'तिथे चुकीच्या स्वरावर जोर आला' असे सांगून नियम दुरुस्त करायचा आणि पुन्हा ऐकायचे. यातून डझनावारी नियम उभे राहिले. आखूड स्वर आणखी आखूड करावेत. स्वरवाक्य कमानीसारखे सुरुवातीला गती घेणारे आणि शेवटी मंदावणारे असावे. चालू स्वरसंगतीला परक्या असलेल्या स्वराला अधिक जोर द्यावा. वाक्याच्या तुकड्यांमध्ये स्वल्पविरामासारखी सूक्ष्म फट ठेवावी. प्रत्येक नियमाला एक गुणक असतो. तो वाढवला की नियमाचा परिणाम ठळक होतो, शून्य केला की नियम गप्प बसतो, आणि ऋण केला की उलटे वाजते. उलटे वाजलेले ऐकणे हा या विषयातला सर्वांत करमणुकीचा प्रयोग आहे. माहीत असलेली चीज कोणीतरी मुद्दाम अडाण्यासारखी वाजवत असल्याचा भास होतो.

यांतला एक नियम जवळून पाहण्यासारखा आहे. रचनेच्या शेवटी वादक गती कमी करत जातो. फ्रीबर्ग आणि सुंडबर्ग यांनी १९९९ मध्ये दाखवले की संगीतातल्या या मंदावण्याचा आलेख धावता धावता थांबणाऱ्या माणसाच्या मंदावण्याशी विलक्षण जुळतो. थांबताना लावलेली शक्ती सारखी राहते असे मानून त्यांनी सूत्र मांडले. त्या सूत्रानुसार गतीचा घन अंतराच्या (संगीतात, ओलांडलेल्या मात्रांच्या) प्रमाणात सरळ रेषेत उतरतो. हिशेब करून पाहिला तर गंमत कळते. मूळ गती १०० आणि अखेरची ५० धरली, तर शेवटच्या टप्प्याचे अर्धे अंतर कापले तरी गती सुमारे ८३ असते, पाऊण अंतरावर ७० असते, आणि उरलेल्या पावात ती धाडकन ५० वर येते. अंतरागणिक समान घट केली असती तर मध्यावर ती ७५ झाली असती आणि ऐकणाऱ्याला वादक फार लवकर दमल्यासारखा वाटला असता.

पण या नियमांविषयी एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्यांच्यामागे मुख्यतः एका कसलेल्या व्हायोलिनवादकाचा कान होता, आणि तो कान एका विशिष्ट युरोपीय परंपरेत, विशिष्ट गुरूंच्या आणि सहवादकांच्या सहवासात घडलेला होता. नियम गणिती भाषेत लिहिले म्हणून ते निसर्गनियम होत नाहीत.

सगळ्या थोर वादकांची सरासरी काढली तर आदर्श वादन मिळेल का?

हा प्रयोग खरोखर झाला आहे, आणि त्याचे उत्तर 'हो' आणि 'नाही' असे दोन्ही आहे. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेच्या ब्रूस रेप यांनी १९९२ मध्ये 'ट्रॉयमराय'च्या २४ वादकांनी केलेल्या २८ ध्वनिमुद्रणांतील प्रत्येक स्वराची वेळ मोजली. आल्फ्रेड कॉर्तो आणि व्लादिमिर होरोविट्झ यांची प्रत्येकी तीन मुद्रणे त्यांत होती. बहुतेक वादक मोठ्या विभागांच्या शेवटी मंदावण्याबाबत एकमेकांशी सहमत होते. तपशिलात उतरावे तसे मतभेद वाढत गेले, आणि कॉर्तो व होरोविट्झ हे दोघे इतरांपासून आणि एकमेकांपासूनही ठळकपणे वेगळे निघाले.

पुढे १९९७ मध्ये रेप यांनी अनेक वादनांच्या गणिती सरासरीवरून तयार केलेले वादन श्रोत्यांना ऐकवले. गुणवत्तेच्या क्रमवारीत ते वरच्या स्थानांवर आले, वेगळेपणाच्या क्रमवारीत मात्र तळाशी. म्हणजे कोणालाही न खटकणारे वादन संगणक आकडेमोडीने बनवू शकतो. कॉर्तोंची मुद्रणे लोक आजही शोधून ऐकतात, त्यामागे मात्र सरासरीपासूनचे त्यांचे अंतर आहे. आणि ते अंतर ऐकू येण्यासाठी ऐकणाऱ्याच्या कानात ती सरासरी आधीच मुरलेली असावी लागते. वेगळेपण एकट्याने सिद्ध होत नाही, त्याला शेजारी लागतात.

नियम न देता संगणक आपण होऊन शिकतो, तो कसा?

त्यासाठी स्वरन् स्वर मोजलेली वादने लागतात. व्हिएन्नामध्ये गेरहार्ड विडमर यांच्या गटाने बोझेनडॉर्फर कंपनीच्या, संगणकाला जोडलेल्या पियानोचा उपयोग केला. या वाद्यात प्रत्येक हातोड्याचा वेग आणि क्षण नोंदला जातो. रोलँड बातिक यांनी त्यावर वाजवलेले मोझार्टचे १३ सोनाटा ही पहिली मोठी शिदोरी होती. त्यातून यंत्राने स्वतः शोधलेला एक नियम असा: सारख्या लांबीच्या दोन स्वरांनंतर त्यांहून लांब स्वर येत असेल, आणि मधला स्वर तालातील कमजोर जागी असेल, तर तो मधला स्वर थोडा लांबवावा. हा नियम कोणत्याही शिक्षकाने या शब्दांत सांगितलेला नव्हता, पण ऐकल्यावर शिक्षक मान डोलावतात.

निकिता मागालोफ यांनी १९८९ मध्ये व्हिएन्नात पोलिश संगीतकार शोपाँचे जवळजवळ सर्व एकल पियानोसंगीत मैफलींतून वाजवले, तेही अशाच वाद्यावर. ती नोंद तीन लाखांहून अधिक स्वरांची आहे. तिच्या आधारे तयार झालेल्या 'वायक्यूएक्स' या प्रणालीने २००८ मध्ये जपानमधील साप्पोरो येथे झालेल्या 'रेनकॉन' स्पर्धेत सगळी बक्षिसे जिंकली. रेनकॉन ही २००२ पासूनची, संगणकांच्या वादनाची स्पर्धा आहे. प्रणालीला तिथेच नवी रचना दिली जाते आणि श्रोते निवाडा करतात. त्यानंतर न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे भरपूर उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्यांचा, काळ आला. गूगलच्या मॅजेंटा गटाने २०१८ मध्ये खुला केलेला 'माएस्ट्रो' हा संग्रह सुमारे २०० तासांचा आहे, आणि त्यात ध्वनी व पट्ट्यांच्या नोंदी जवळपास तीन मिलिसेकंदांच्या (सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या) अचूकतेने जुळवलेल्या आहेत.

हा संग्रह आला कुठून, हे मात्र लक्षात ठेवावे. तो एका आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेतल्या सादरीकरणांचा आहे. स्पर्धेत उतरणारा तरुण वादक परीक्षक मंडळाला काय रुचेल याचा विचार करूनच वाजवतो. फार धाडस केले तर गुण जातात, अजिबात न केले तर कोणी लक्ष देत नाही. त्यामुळे यंत्र जे शिकते ते शोपाँ कसा वाजवावा एवढेच नसते. एकविसाव्या शतकातल्या परीक्षकांसमोर शोपाँ कसा वाजवतात, हे ते शिकते.

वादनावरील 'सामाजिक प्रभाव' म्हणजे नक्की कोणते?

गुरू, सहवादक, ध्वनिमुद्रणे, श्रोते, परीक्षक, समीक्षक आणि बाजार. यांपैकी ध्वनिमुद्रणांचा प्रभाव सर्वांत चांगला तपासता येतो, कारण पुरावा जपलेला आहे. योझेफ योआखिम यांनी १९०३ मध्ये केलेली व्हायोलिनची मुद्रणे ऐकली तर आजच्या कानाला दोन गोष्टी चमत्कारिक वाटतात: सुराचा सततचा कंप जवळजवळ नाही, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ऐकू येईल अशी घसर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चित्र उलटले. कंप सर्वत्र झाला आणि घसर भाबडी ठरली. स्वरलिपी तीच होती, वाद्यही तेच होते. बदलली ती एकमेकांचे ऐकण्याची सवय. दूरच्या शहरातल्या वादकाची तबकडी घरी वाजू लागली आणि स्थानिक ढंग पुसट होत गेले.

लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात निकोलस कुक आणि क्रेग सॅप यांनी शोपाँच्या मझुर्कांची (पोलिश नृत्यावर बेतलेल्या छोट्या पियानोरचनांची) शेकडो ध्वनिमुद्रणे मोजून एकमेकांशी ताडून पाहिली, ती मुळात अशाच प्रश्नांसाठी: कोण कोणासारखे वाजवते, शिष्य गुरूसारखा वाजवतो का, पिढीची म्हणून काही चाल असते का. त्या तुलनेत एक जोडी नको तितकी जुळली. जॉइस हॅटो यांच्या नावावर विकली गेलेली मझुर्कांची मुद्रणे यूजीन इंजिक यांच्या मुद्रणांशी तंतोतंत एक होती. २००७ मध्ये हे प्रकरण उघड झाले तेव्हा हॅटो यांच्या नावाच्या इतर अनेक तबकड्याही दुसऱ्यांच्या निघाल्या. मधल्या काळात आजारपणाशी झुंजणाऱ्या, एकांतात राहणाऱ्या वादिकेच्या कहाणीसह त्यांचे समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केले होते. आपण वादन ऐकताना वादकाविषयीची हकिगतही ऐकत असतो, याचा यापेक्षा ठळक नमुना मला माहीत नाही.

एकमेकांचे ऐकून वादन बदलणे हे संगणकात कसे घालतात?

याचे सर्वांत थेट उदाहरण इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातले आहे. एदुआर्दो मिरांडा, ॲलेक्सिस कर्क आणि चिजुन झांग यांनी २०१० च्या सुमारास मांडलेल्या प्रणालीत एकच 'वादक' नसतो, आभासी वादकांचा समूह असतो. प्रत्येकाकडे दोन गोष्टी असतात: त्याचे सध्याचे वादन, म्हणजे गती आणि जोर यांतील बदलांची यादी, आणि त्याची आवड, म्हणजे वाक्याच्या सीमेवर मंदावणे, तालातील ठळक जागी जोर देणे अशा निकषांना त्याने दिलेले वजन. एक वाजवतो, बाकीचे ऐकतात. ऐकणारा आपल्या आवडीच्या तराजूवर ते वादन तोलतो. ते स्वतःच्या वादनापेक्षा सरस वाटले तर तो आपले वादन त्या दिशेने थोडे सरकवतो, नाही तर आहे तसा राहतो. अशा अनेक फेऱ्या होतात.

कागदावर एक फेरी करून पाहू. समजा, एका वाक्याच्या शेवटी अनंत हा आभासी वादक २० टक्के मंदावतो, बकुळ ८ टक्के आणि चंदू २ टक्के. अनंत वाजवतो. बकुळला ते आवडते, आणि शिकण्याचा दर पाव धरला आहे, म्हणून ती २० आणि ८ मधल्या १२ च्या अंतराचा पाव भाग, म्हणजे ३ टक्के सरकून ११ वर येते. चंदूच्या तराजूत मात्र मंदावण्याला जवळजवळ वजनच नाही. तो जोराच्या बाबतीत अनंतकडून काही घेईल, पण इथे तो २ वरच राहील. पुढच्या फेरीत बकुळ वाजवते आणि अनंतला तिचा संयम आवडला तर तो थोडा खाली येतो. काही फेऱ्यांनंतर अनंत आणि बकुळ यांची एक 'शैली' होते, चंदूची दुसरी, आणि ती कोणीही आधी लिहून दिलेली नसते.

या पद्धतीचा मोठा गुण असा की तिच्यातून एक 'योग्य' उत्तर बाहेर पडत नाही; एकाच रचनेची अनेक, आपापल्या परीने सुसंगत वादने मिळतात, आणि खऱ्या जगाशी हे अधिक जुळते. तिची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. हे आभासी श्रोते फारच निर्मळ मनाचे आहेत. वाजवणारा नामांकित आहे की नवखा, तो गुरू आहे की प्रतिस्पर्धी, याने त्यांच्या मतात फरक पडत नाही. खरा विद्यार्थी गुरूची एखादी लकब न आवडताही उचलतो, कारण ती न उचलण्याची मुभा त्याला नसते. आणि दहा वर्षांनी तीच लकब त्याला आवडू लागते. म्हणजे आवडही प्रभावाखाली बदलते. ती स्थिर धरणे ही हिशेबाची सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे.

सर्वांनी सर्वांची नक्कल केली तर शेवटी सगळे सारखेच वाजवणार नाहीत का?

आवडी सारख्या असतील तर होय. आवडी वेगळ्या असतील तर गट पडतात. वर उल्लेखलेला ध्वनिमुद्रणांचा इतिहास पाहता खऱ्या जगात दोन्ही एकाच वेळी घडते: काही बाबतींत सगळे एकसारखे होतात, आणि नेमके त्याच वेळी कोणी तरी मुद्दाम विरुद्ध दिशा धरतो. स्वीडनमधील पॅट्रिक युसलिन यांनी २००३ मध्ये भावपूर्ण वादनाचे पाच घटक मांडले. त्यांतला पाचवा शैलीतील अनपेक्षितपणाचा आहे, म्हणजे रूढी जाणून तिला दिलेला छेद. रूढी ही समाजाचीच असते, म्हणून या घटकाला मी सामाजिकच मानतो. त्याचे गणित मांडणे मात्र सर्वांत अवघड आहे.

एकत्र वाजवणाऱ्यांचे एकमेकांशी जुळते कसे, आणि ते मोजता येते का?

येते, आणि इथे प्रतिमाने खूपच भक्कम आहेत. मूळ कल्पना सोपी आहे: माझा स्वर सहवादकाच्या स्वरापेक्षा जितका मागे किंवा पुढे पडला, त्याच्या काही भागाइतकी दुरुस्ती मी पुढच्या स्वरात करतो. फरक ४० मिलिसेकंदांचा असेल आणि माझा दुरुस्तीचा दर पाव असेल, तर मी १० मिलिसेकंद सरकतो. दर शून्य असेल तर मी कोणाचेच ऐकत नाही. एक असेल तर दुसऱ्याची प्रत्येक चूक मी जशीच्या तशी उचलतो. ॲलन विंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन व्यावसायिक तंतुवाद्य-चतुष्कांचे हे दर जोडीजोडीने काढले. एका चतुष्कात पहिला व्हायोलिनवादक इतरांना जितके सावरून घेई त्यापेक्षा इतर त्याला अधिक सावरून घेत. दुसऱ्यात ही देवाणघेवाण बरीच समसमान होती. चौघांमधली सत्तेची रचना मिलिसेकंदांत उमटते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते कोष्टक बराच वेळ पाहत बसलो होतो.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१७ मध्ये अशाच चतुष्कांतील एका वादकाला गुपचूप म्होरक्या नेमले गेले आणि वादकांच्या शरीराचे डोलणे मोजले गेले. म्होरक्याचे डोलणे इतरांच्या पुढच्या डोलण्याचा अंदाज देत होते; उलट दिशेने हा प्रभाव कमी होता.

जॅझमधला प्रकार आणखी सूक्ष्म आहे. तिथे मात्रेचे दोन भाग लांब-आखूड वाजवतात, त्याला स्विंग म्हणतात. फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रम यांनी २००२ मध्ये दाखवले की लय वाढते तसे हे लांब-आखूड प्रमाण कमी होत जाते, आणि एकल वादक मात्रेचा पहिला भाग ड्रमवाल्याच्या झांजेपेक्षा किंचित उशिरा पण दुसरा भाग नेमका तिच्याबरोबर वाजवतो. 'मागे रेलून' वाजवण्याचे जे कौतुक होते त्याचे रहस्य इथे आहे: अर्धा वेळ मागे राहायचे आणि अर्धा वेळ हात धरून चालायचे. एकट्या वादकाच्या नोंदीत हे दिसणारच नाही.

श्रोते आणि परीक्षक निःपक्षपाती असतात असे धरून चालते का?

चालत नाही. चिया-जुंग त्साय यांच्या २०१३ च्या प्रयोगांत लोकांना स्पर्धांच्या अंतिम फेरीतील वादकांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. फक्त ध्वनी ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून केवळ चित्र पाहणाऱ्यांनी विजेता अधिक वेळा अचूक ओळखला, आणि यात व्यावसायिक संगीतकारही होते. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेच्या निकालांचा १९९६ मध्ये अभ्यास झाला तेव्हा कोणत्या क्रमाने वादक मंचावर आला याचाही निकालाशी संबंध आढळला, जरी तो क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत असे. संगणकाच्या वादनाची परीक्षा घेणाऱ्यांनी म्हणूनच श्रोत्यांना 'हे यंत्र आहे' असे आधी सांगावे की नाही, हे अगोदर ठरवावे आणि निकालाबरोबर नमूद करावे.

हे सगळे हिंदुस्थानी संगीताला लागू पडते का?

जसेच्या तसे नाही. आपल्याकडे आधी लिहिलेली आणि मग वाजवायची अशी स्वरलिपी नसते, त्यामुळे 'लिपीपासून विचलन' या मोजपट्टीला अर्थच उरत नाही. मींड (स्वरांमधली सलग घसर), आंदोलन (स्वराचे संथ डोलणे), कणस्वर (मुख्य स्वराला चिकटलेला सूक्ष्म स्वर) हे रागाचे अंग आहे. ते काढून टाकले तर मागे शुद्ध स्वरूप उरत नाही, राग नाहीसा होतो. म्हणून येथले काम वेगळ्या वाटेने गेले. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत १९८० च्या दशकात बर्नार्ड बेल आणि विम व्हान डर मेर यांनी गाण्यातील स्वराची अखंड रेषा काढणारे यंत्र वापरले. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने रागसंगीतातील स्वराकृती आणि तबल्याचे बोल संगणकाने ओळखण्यावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि बार्सिलोनाच्या झेवियर सेरा यांच्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पातही या गटाचा सहभाग होता.

विषयाच्या सामाजिक बाजूसाठी मात्र मला 'बोल प्रोसेसर' सर्वांत बोलका वाटतो. बेल आणि जिम किप्पेन यांनी लखनौ घराण्याच्या तबल्यातील 'कायदा' या, एका बोलरचनेचे विस्तार करत जाणाऱ्या प्रकाराचे व्याकरण संगणकात भरले. संगणक कायद्याचे नवे विस्तार बनवायचा, किप्पेन ज्यांच्याकडे शिकत होते ते उस्ताद आफाक हुसेन खाँ ते तपासायचे, आणि त्यांच्या पसंती-नापसंतीवरून व्याकरण दुरुस्त व्हायचे. स्टॉकहोममध्ये फ्रीडेन जे करत होते तेच हे, फक्त इथे 'बरोबर' या शब्दाचा मालक कोण हे उघड होते: घराणे. किराणा घराण्याची सुरावर रेंगाळणारी आणि जयपूर-अत्रौली घराण्याची लयीला बांधून चालणारी गायकी एकाच रागात ऐकलेल्या माणसाला सामाजिक प्रभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घरी थोडे करून पाहायचे असेल तर सुरुवात कशी करावी?

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने बनवलेले 'सॉनिक व्हिज्युअलायझर' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. एकाच रचनेची तीन वेगवेगळ्या दशकांतली मुद्रणे घ्यावीत, ऐकताना प्रत्येक मात्रेला अर्धविरामाची कळ दाबत जावे, मग खुणा ध्वनीच्या आकृतीवर एकेक करून सरकवून नेमक्या जागी बसवाव्यात. दोन खुणांमधील अंतरावरून गतीचा आलेख निघतो. 'ट्रॉयमराय'ने सुरुवात केली तर बरे, कारण तुलनेला रेप यांचे निष्कर्ष हाताशी असतात.

एक सावधगिरी बाळगावी. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा वाक्यांच्या शेवटी माझ्या खुणा सातत्याने स्वराच्या आधी पडत होत्या. आधी वाटले की हात चुकतो आहे. मग लक्षात आले की वादक किती मंदावेल याचा माझ्या मनात एक ठरलेला अंदाज होता, लहानपणापासून घरात वाजणाऱ्या एकाच तबकडीवरून तयार झालेला, आणि समोरचा वादक त्याहून अधिक थांबत होता. त्या खुणा दुरुस्त करण्यापूर्वी त्यांची एक प्रत वेगळी ठेवावी.